दाटीवाटीचं बेट

रत्नागिरी जिल्ह्याचे चार सारखे भाग केले तर त्यातल्या एका भागात मॉरिशस हा अख्खा देश बसेल. जिल्हा ८,२०८ चौरस किलोमीटरचा. देश, रॉड्रिग्स आणि बाकीची बारकी बेटं धरून, २,०४० चा. रत्नागिरीच्या चारही भागांत मिळून २०११ च्या जनगणनेत १६ लाख माणसं होती. मॉरिशसमध्ये, म्हणजे त्या एका भागाएवढ्या जागेत, साडेबारा लाख राहतात. दर चौरस किलोमीटरला सहाशेच्या पुढे. महाराष्ट्राचा आकडा मुंबई, ठाणे, पुणे सगळं धरून ३६५ आहे.

हे आकडे डोक्यात घेऊन बेटावर उतरलं की गोंधळायला होतं. विमानतळ आग्नेयेला आहे. तिथून गाडी निघाली की दोन्ही बाजूंना ऊस. एक मळा संपला की दुसरा, मधेच काळ्या दगडांचे ढीग, मागे सुळक्यांचे डोंगर आणि वर मोकळं आभाळ. माणूस औषधाला दिसत नाही. नवऱ्याच्या कामानिमित्त आम्ही वाक्वा नावाच्या गावात राहायला गेलो, तेव्हा त्या पहिल्या प्रवासात माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता: एवढी सगळी माणसं ठेवली आहेत तरी कुठे? पुढे तिथे राहताना लक्षात आलं की या एका प्रश्नाचा माग काढत गेलं तर बेटाचा जवळजवळ सगळा इतिहास हाती लागतो.

सुरुवात दगडापासूनच करते, कारण तो आपला आहे. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्ह्याचा. भूशास्त्रज्ञ सांगतात की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणावरून हा लाव्हा आला, ते ठिकाण खालीच राहिलं आणि वरचा भारत उत्तरेकडे सरकत निघून गेला. मागे समुद्रात त्याच विस्तवाने एकामागोमाग एक बेटं उभी केली. ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशसची पाळी आली. आज तोच विस्तव शेजारच्या रीयुनियन बेटावर पितों द ला फुर्नेझ नावाच्या ज्वालामुखीतून बाहेर पडतो. मॉरिशसचे ज्वालामुखी मात्र केव्हाच थंडावले. क्युरपीप शहराच्या डोक्यावर त्रू ओ सेर्फ म्हणून एक विझलेलं ज्वालामुखीचं तोंड आहे, सकाळी लोक त्याच्या कडेने फेऱ्या मारायला येतात. ग्राँ बासाँ, म्हणजे आपल्या लोकांचा गंगातलाव, हेही असंच एक तोंड, पाण्याने भरलेलं. महाशिवरात्रीला लाखो माणसं कावडी घेऊन पायी तिथे जातात.

उसातले ते ढीग मी पहिल्यांदा जवळून पाहिले कास्कावेलच्या बाजूला. लांबून वाटतं, एखाद्या जुन्या गढीची पडकी भिंत असावी. जवळ गेलं की कळतं की हे एकेक उचलून रचलेले धोंडे आहेत. तळाला दोघा-तिघांनी मिळून लोटावे लागतील असे, वर नारळाएवढे, फटींत बारके. कडा उन्हापावसाने गुळगुळीत झालेल्या, वरून पांढरट दगडफुलाचे डाग. एक दगड हातात घेतला तर अंगभर बारीक भोकं, लाव्हा थंड होताना वायू निघून गेला त्याच्या खुणा. अशा ढिगांच्या रांगाच्या रांगा आहेत. ऊस लावायचा तर आधी जमिनीतला दगड काढायला हवा होता, आणि तो काढला आधी आफ्रिकेतून, मादागास्करमधून आणलेल्या गुलामांनी आणि नंतर भारतातून करारावर आणलेल्या मजुरांनी, म्हणजे गिरमिट्यांनी. त्यात रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा या बाजूची माणसं होती. एकाच विस्तवाच्या दगडावरून उठून दुसऱ्या दगडावर येऊन पडलेली. तिथे उभी असताना मला हे सुचलं आणि नंतर ते ढीग मला कधीच नुसते ढीग म्हणून पाहता आले नाहीत.

बेटाचा आकार एखाद्या पालथ्या परातीसारखा. मधे पाच-सहाशे मीटर उंचीचं पठार, कडेला तुटक डोंगर, मग खाली उतरत गेलेली जमीन, आणि भोवताली प्रवाळाचं कडं. या कड्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी शांत आणि उथळ. दक्षिणेला ग्री ग्रीच्या बाजूला मात्र कडं तुटलंय, तिथे समुद्र थेट कातळावर येऊन आदळतो. आग्नेयेकडून वारे येतात, पठारावर पाऊस टाकतात आणि पश्चिमेला कोरडे होऊन उतरतात. त्यामुळे पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ९०० च्या घरात. वाक्वाहून छत्री घेऊन निघायचं आणि फ्लिक आं फ्लाकला उतरून डोळ्यांवर हात धरायचा, हा तिथला नेहमीचा अनुभव. आमच्या घरात कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरायची, कोकणातल्या श्रावणासारखी, बाराही महिने.

माणसं या ओल्या पठारावर राहतात. देशाची सगळी दाटी राजधानी पोर्ट लुईपासून क्युरपीपपर्यंतच्या एका तिरक्या पट्ट्यात आहे: बो बासाँ, रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा, फिनिक्स, क्युरपीप. नावं वेगळी, पण एक शहर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे नवख्याला सांगता येणार नाही. याचं कारण मलेरिया. १८६६ ते १८६८ च्या साथीत पोर्ट लुईमध्ये हजारो माणसं मेली. ज्यांना परवडत होतं ते थंड हवेच्या, डास कमी असलेल्या उंचीवर पळाले, आणि नुकतीच झालेली रेल्वे त्यांच्या कामाला आली. मग त्यांच्यामागे दुकानदार गेले, शाळा गेल्या, नोकरदार गेले. रेल्वे पुढे तोट्यात जाऊन १९५६ साली प्रवाशांसाठी आणि १९६४ साली मालासाठीही बंद झाली. आता भारताच्या मदतीने त्याच मार्गाच्या आसपास मेट्रो आली आहे, पोर्ट लुई ते क्युरपीप २६ किलोमीटर. दीडशे वर्षांपूर्वीच्या तापाने आखून दिलेल्या रेघेवरून आजही लोक कामाला जातात.

घरांची गोष्टही अशीच एका संकटातून निघते. १९६० च्या जानेवारीत आलिक्स आणि फेब्रुवारीत कॅरोल अशी दोन चक्रीवादळं लागोपाठ आली. तोपर्यंत गरिबांची घरं गवताची आणि पत्र्याची, बऱ्या परिस्थितीतल्यांची लाकडाची होती. कॅरोलने ती हजारोंनी झोपवली. त्यानंतर बेटाने काँक्रीटला मिठी मारली ती कायमची. आज तुम्ही वाक्वाच्या कुठल्याही गल्लीत गेलात तर सपाट छपरांची घरं दिसतील, आणि त्या छपरांतून वर आलेल्या लोखंडी सळया. ही अर्धवट राहिलेली बांधकामं नव्हेत. बाप तळमजला बांधतो आणि सळया सोडून ठेवतो. मोठा मुलगा लग्न झालं की त्यावर आपला मजला चढवतो, धाकटा त्याच्याही वर. जिने बाहेरून, चुली वेगळ्या, दार एकच. आमच्या गल्लीत एका घराला तीन मजले, तीन वेगळे रंग आणि तीन पिढ्या होत्या. आजूबाजूला जमीन विकत घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून घर वर वाढलं.

आणि जमीन आवाक्यात का नव्हती? कारण ती उसाखाली होती, आणि ऊस मोजक्यांच्या हातात.

मॉरिशसला मूळचं कोणी नाही. माणूस वस्तीला येण्याआधी तिथे जंगल होतं, डोडो होता आणि मोठी कासवं होती. डच १५९८ साली उतरले, १६३८ पासून राहू लागले, ऊस त्यांनीच आणला. डोडो त्यांच्याच काळात संपला आणि १७१० मध्ये तेही निघून गेले. मग फ्रेंच आले, त्यांनी मोठ्या प्रमाणावर गुलाम आणले आणि जमिनी वाटल्या. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण तह करून फ्रेंच जमीनदारांच्या जमिनी, कायदे आणि भाषा त्यांच्याकडेच राहू दिल्या. तिथली वर्तमानपत्रं आजही फ्रेंचमध्ये निघतात, संसदेचा कारभार इंग्रजीत चालतो आणि घराघरात, रस्त्यावर, भांडणात आणि प्रेमात क्रिओल ही फ्रेंचवरून घडलेली बोली बोलली जाते, याचं मूळ त्या तहात आहे.

१८३४ च्या नोव्हेंबरमध्ये ॲटलस नावाच्या जहाजाने ३६ मजूर उतरवले. गुलामगिरी बंद होणार होती, मळ्यांना हात हवे होते. पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय पोर्ट लुईच्या त्या धक्क्यावरून बेटावर शिरले. सर्वांत जास्त कलकत्त्याहून, त्यानंतर मद्रासहून, आणि सर्वांत कमी मुंबईहून. धक्क्याचं नाव आता आप्रवासी घाट. युनेस्कोने २००६ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हटलं. वर चढणाऱ्या १६ दगडी पायऱ्या आहेत आणि लोक त्यांच्यापुढे वाकून नमस्कार करतात.

करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. याला डबल कट म्हणत. आजारी पडलेला माणूस महिन्याच्या शेवटी मळ्याचंच देणं लागायचा. करार संपवून मोकळा झालेला मजूर आपल्या भागाबाहेर पासशिवाय सापडला तर भटक्या म्हणून तुरुंगात. या पासवर फोटो असे, आणि त्यामुळेच त्या काळच्या हजारो साध्या शेतमजुरांचे चेहरे आज आपल्याला पाहता येतात. मोकामधल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ते दप्तर जपून ठेवलंय. लोक तिथे आपल्या पूर्वजांचा शोध घ्यायला जातात.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त मराठी शिक्षक राहत. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. घरात बायकोशी, नातवंडांशी ते क्रिओलमध्ये बोलत, पण माझ्याशी बोलताना सरळ बसत आणि पुस्तकातल्यासारखं स्वच्छ मराठी बोलत. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "आपले गाव कोणते?" मी म्हटलं, "रत्नागिरीजवळचं." ते उठून आत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद घेऊन आले. त्यांच्या खापरपणजोबांच्या नोंदीची प्रत. वर एक क्रमांक, मग नाव, बापाचं नाव, वय, उंची, डाव्या भुवईवर व्रण. जिल्ह्याच्या जागी रत्नागिरी स्पष्ट वाचता येत होतं. गावाच्या जागी मात्र इंग्रज कारकुनाने कानावर पडलं तसं काहीतरी लिहिलेलं. आम्ही दोघं किती तरी वेळ ते अक्षर उलटसुलट वाचत बसलो. मी मला माहीत असलेली गावं एकेक सांगत गेले, गुरुजी मान हलवत राहिले. शेवटी ते म्हणाले, "तिकडे आमचे कोणी असेल का आता?" असेल, मी म्हटलं, नक्की असेल. दुसरं काय सांगणार?

त्या एका माणसाचं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं. आपल्याकडची आडनावं तिथे फारशी राहिली नाहीत, आजोबांचं नाव कारकुनाने लिहिलं तसं पुढच्यांना चिकटलं. मराठी माणसं आता लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास. पण त्या दोन टक्क्यांसाठी शाळेत मराठी शिकायची सोय आहे, विठ्ठलाची आणि गणपतीची मंदिरं आहेत, आणि गणेश चतुर्थीची सुट्टी सगळ्या देशाला आहे. ही सुट्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला मिळते. मळ्यांतून वाट काढत पालख्या पश्चिम किनाऱ्याकडे निघतात, पुढे झाकरी, म्हणजे आमच्याकडची जाखडीच, तोच गोल आणि तेच पाय. पाय कोकणातले होते, गाणाऱ्यांचा घरचा उच्चार क्रिओलचा होता, आणि मला रडू आवरेना.

अशी सोय फक्त मराठी माणसांची नाही. सुट्ट्यांची यादीच बघा: तमिळांची थायपुसम, तेलुगूंचा उगादी, चिनी नववर्ष, ईद, महाशिवरात्र, दिवाळी, नाताळ. १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुट्टी, २ नोव्हेंबरला गिरमिटिये आल्याची. आणि १२ मार्च स्वातंत्र्यदिन. ही तारीख १९६८ साली दांडीयात्रेच्या दिवसावरून निवडली. गांधीजी १९०१ मध्ये आफ्रिकेतून परतताना इथे थांबलेही होते. नोटांवरही हाच हिशेब. वेगवेगळ्या किमतीच्या नोटांवर वेगवेगळ्या समाजांतले नेते: पंचवीसच्या नोटेवर चिनी वंशाचे आ-च्युएन, शंभरच्या नोटेवर तमिळ सीनीवासन, दोनशेवर मुसलमानांचे पुढारी अब्दुल रझाक मोहम्मद, हजारावर क्रिओलांचे, म्हणजे मुख्यतः गुलामांच्या वंशजांचे, गाएताँ द्युवाल, दोन हजारांवर पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापलं गेलं. आधीचा क्रम तमिळ आणि मग हिंदी असा होता. एवढ्याशा गोष्टीवरून तमिळ समाज रस्त्यावर आला, आणि सरकारने त्या नोटा मागे घेऊन पुन्हा छापल्या. बाहेरच्याला हा अतिरेक वाटेल. मला तो शहाणपणा वाटतो. जिथे शेजाऱ्याच्या भिंतीला आपली भिंत लागलेली असते, तिथे कोणाचं नाव कुठल्या ओळीत आहे याला किंमत असते, आणि ती किंमत कागद पुन्हा छापून भागत असेल तर स्वस्तात सुटलं.

निवडणुकीचीही व्यवस्था याच विचाराची. ६२ जागा मतांनी भरतात आणि मग ज्या समाजांना कमी प्रतिनिधित्व मिळालं, त्यांच्यातल्या सर्वांत जास्त मतं घेऊन हरलेल्या उमेदवारांना आठपर्यंत जागा देतात. घटनेत समाज चारच: हिंदू, मुसलमान, चिनी आणि बाकी सगळे, ज्यांना जनरल पॉप्युलेशन म्हणतात. हिशेब अजूनही १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतर समाज विचारणंच बंद झालं. अर्धशतक जुन्या मोजणीवर आजचा माणूस बसवायचा, आणि उमेदवाराला आपला समाज लिहून द्यायला लावायचं, हे मला पटत नाही. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही त्यावर बोट ठेवलं होतं. पण स्वातंत्र्याच्या तोंडावर पोर्ट लुईत झालेल्या दंगली ज्यांनी पाहिल्या, त्यांना ती जुनी खुंटी सोडवत नाही, हेही मला समजतं.

कारण त्या काळात या बेटाचं बरं होईल असं जाणकारांनाही वाटत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी फवारून मलेरिया घालवला आणि लोकसंख्या उसळली. १९४४ मध्ये ४.१९ लाख, १९५२ मध्ये ५ लाख, १९६२ मध्ये ६.८ लाख. दर बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं. पीक एकच, तेही वादळाच्या तोंडी. इंग्रज सरकारने दोन अभ्यास करवून घेतले, एक रिचर्ड टिटमस यांचा आणि एक जेम्स मीड यांचा, ज्यांना पुढे १९७७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मीड यांचा सूर निराशेचा होता. एवढ्या माणसांना काम कुठून देणार आणि शांतता कशी राहणार, असा.

पुढे काय झालं ते मला गल्लीतल्या बायकांकडून कळलं. माझ्या शेजारच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंनी सत्तरच्या दशकात, शाळा सुटल्या सुटल्या, लोकरी स्वेटरच्या कारखान्यात काम धरलं. १९७० मध्ये निर्यातीसाठी मुक्त क्षेत्राचा कायदा झाला आणि कारखाने आले. तोवर बाईचा पैसा म्हणजे मळ्यातल्या खुरपणीचा. आता दर महिन्याला स्वतःच्या हातात पाकीट. त्यांच्या आईला नऊ मुलं, यांना दोन. कुटुंबनियोजनासाठी सरकारने एक संस्था कॅथलिकांची आणि एक इतरांची, अशा दोघींना पैसे दिले, म्हणजे चर्चशी भांडण न करता काम झालं. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं, दवाखाने मोफत होतेच. दर बाईमागची मुलं तर साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून दहाएक वर्षांतच जवळजवळ निम्म्यावर आली होती. कोणावर सक्ती झाली नाही. जगात याची उदाहरणं फार कमी आहेत आणि आपल्याकडे १९७५-७६ मध्ये काय झालं ते आठवलं की मॉरिशसचं मोठेपण मला अधिकच जाणवतं. ऐंशीचं दशक संपेपर्यंत बेटावर बेकारी जवळपास उरली नव्हती.

इतकं सगळं सांगून झाल्यावर जमिनीकडे परत यायला हवं, कारण तिथे वाटणी थांबली. १८८० नंतर साखरेचा भाव पडला तेव्हा जमीनदारांनी मळ्यांचे कडेचे, दगडाळ तुकडे विकायला काढले. गिरमिट्यांनी दागिने मोडून, भिशी लावून ते घेतले, त्यांतून गावं उभी राहिली, आणि त्या गावांतून पुढे डॉक्टर, वकील, मंत्री निघाले. हिंदू समाजाच्या राजकीय ताकदीचा पाया तो एकेक एकराचा तुकडा आहे. गुलामांच्या वंशजांना तेही फारसं मिळालं नाही. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली तेव्हा नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. सुटलेली माणसं मळे सोडून किनाऱ्याला गेली, मासेमारी करू लागली, किंवा शहराच्या कडेला राहिली. ल मॉर्नचा डोंगर बघताना हे सारखं आठवतं. नैर्ऋत्य टोकाला समुद्रातून सरळ ५५६ मीटर वर उठलेला कातळ. पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर लपत. तुम्ही मुक्त झालात हे सांगायला शिपाई वर येत होते आणि आपल्याला पकडायला आले असं वाटून माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथले लोक सांगतात.

१९९९ च्या फेब्रुवारीत काया नावाचा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटलं. सगळ्यांना सुट्टी आहे, नोटेवर जागा आहे, मग हे का झालं असं त्यावेळी बऱ्याच जणांना वाटलं म्हणे. मला वाटतं उत्तर जमिनीच्या दप्तरात आहे. २०११ मध्ये सत्य आणि न्याय आयोगाने गुलामगिरी आणि गिरमिट या दोन्हींच्या परिणामांचा अहवाल दिला, त्यात हिरावलेल्या जमिनींचा प्रश्न मोठा होता. तो अहवाल आल्यानंतर जेवढं व्हायला हवं होतं तेवढं झालेलं नाही. आता ऊस परवडेनासा झालाय. १९७३ मध्ये सात लाख टनांवर साखर व्हायची, आता तिच्या निम्मीही होत नाही. २००९ मध्ये युरोपने जुन्या कराराचा हमीभाव संपवला. उसाखालून जमीन मोकळी होतेय, पण तिथे कुंपणाआडचे बंगले आणि गोल्फची मैदानं उठतायत, परदेशी खरेदीदारांसाठी. सहाशे माणसं एका चौरस किलोमीटरला असणाऱ्या देशात हे मला सहन होत नाही.

किनाऱ्याचंही तेच होऊ शकलं असतं. फ्रेंच काळापासून समुद्रालगतची ८१ मीटरची पट्टी सरकारी आहे. ती हॉटेलांना भाड्याने दिली जाते, पण वाळू सगळ्यांची. रविवारी सकाळी फ्लिक आं फ्लाकला सुरूच्या झाडांखाली बसगाड्या येऊन लागतात. एकेका बसमध्ये अख्खं कुटुंब, मामा-मावश्यांसकट, आणि बिर्याणीची झाकण बांधलेली पातेली. दुपारी सुक्या पाल्याचा जाळ करून त्यावर रावान तापवतात. रावान म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणलेला मोठा, पसरट डफ. कातडं तडतडायला लागलं की एक जण बोटाने वाजवून बघतो, मान हलवतो, पुन्हा जाळावर धरतो. सूर लागला की सेगा सुरू. वाळूवरून पाय न उचलता नाचतात. गुलामांचा नाच हा, पण नाचणाऱ्यांत सगळे असतात, साडीतल्या आज्यासुद्धा.

आता मात्र त्या बसगाड्यांमध्ये पोरं कमी दिसतात. दर बाईला दीडही मूल नाही, तरुण फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला जातात. ज्या देशाच्या माणसांचं काय करायचं असा प्रश्न मीड यांना पडला होता, तिथे आज कारखान्यांना, बांधकामांना, बेकऱ्यांना माणसं मिळत नाहीत. म्हणून करारावर आणतात: बांगलादेशातून, नेपाळमधून, मादागास्करमधून, भारतातून. संध्याकाळी वाक्वाच्या दालपुरीच्या गाडीपाशी ही पोरं दिसायची, कागदात गुंडाळलेली जोडी हातात घेऊन घरी व्हिडिओ कॉल करत उभी. कुटुंब घेऊन आलेलं त्यांच्यातलं कोणी मला भेटलं नाही. करार एका मालकाशी असतो आणि तो संपला की परत. आप्रवासी घाटापासून तासाभराच्या अंतरावर हे चालतं आणि त्यावर बेटावर मोकळेपणी चर्चाही होते, वर्तमानपत्रांतून आणि संसदेतूनही.

गुरुजींचा एक मुलगा मेलबर्नला आहे. त्याच्यासाठी बांधलेला वरचा मजला त्यांनी चार नेपाळी मुलांना भाड्याने दिलाय, आणि सुट्टीच्या दिवशी त्यातला एक जण गुरुजींच्या नातवाला गणित शिकवतो. या मुलांना पाहिजे असेल तर इथेच राहू द्यावं, बायका-मुलं आणू द्यावीत, असं गुरुजींचं ठाम मत आहे. खाली राहणाऱ्या धाकट्या मुलाला ते मुळीच पटत नाही. आधीच जागा कुठे आहे, असं तो म्हणतो. जेवताना यावरून दोघांचं कडाक्याचं वाजतं, क्रिओलमध्ये, आणि समोर मी असले की गुरुजी मराठीत माझ्याकडे न्याय मागतात. मी गुरुजींच्या बाजूची आहे आणि तसं त्यांच्या मुलालाही सांगितलंय.